कोल्हापूरभोवतीच्या पायवाटा स्वतः शोधायच्या कशा?

माझा भाचा ओस्लोत नोकरी करतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने फोनवर तिथल्या स्कीवाटांचा नकाशा दाखवला. लांब पल्ल्याचं स्कीइंग म्हणजे सिनेमात दिसतं तसं डोंगरउतारावरून सुसाट खाली येणं नव्हे. बुटाचा चवडा अरुंद पट्टीला अडकवलेला, टाच मोकळी, हातात दोन काठ्या, आणि सपाटीच्या, चढउताराच्या बर्फातून तासन्‌तास सरकत जायचं. त्यासाठी यंत्राने बर्फ दाबून दोन समांतर खाचा पाडून ठेवतात, आणि त्या किती तासांपूर्वी पाडल्या हेसुद्धा नकाशावर दिसतं. स्कीवाटांना लाल खुणा, उन्हाळ्यातल्या डोंगरवाटांना लाल रंगातलं 'टी' अक्षर. "मामा, पन्हाळ्याच्या मागं असलं काय नाही का?" त्याने विचारलं.

वाटा आहेत की, रग्गड आहेत. पाट्या नाहीत, एवढंच.

आपल्याकडची पायवाट कुणी फिरायला जाणाऱ्यांसाठी केलेली नसते. कुणी म्हसरं पाण्यावर नेतं, कुणी धनगरवाड्यावरून दूध खाली आणतं, कुणी जत्रेला डोंगर चढतं, पोरं शाळेला जातात. म्हणून वाट शोधताना पहिला प्रश्न 'ती कुठं आहे' हा नाही. 'ती आज कोण वापरतं' हा आहे. वापरणारा उठून शहरात गेला की दोन पावसाळ्यांत करवंदीची जाळी वाट गिळून टाकते, नकाशात मात्र ती तशीच राहते. पुढची सगळी पद्धत या एका प्रश्नाभोवती आहे.

कागदापासून सुरुवात

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट उतरवता येतात. डोंगरात जाणारी मंडळी त्यांना टोपोशीट म्हणतात. जुन्या क्रमांकपद्धतीत पन्हाळा आणि मसाई पठार ४७ एल/१ या शीटमध्ये येतात, तिथून पावनखिंडीकडे जाणारा मुलूख ४७ एच/१३ मध्ये. कोल्हापूर शहर ४७ एल/२. नव्या मालिकेत क्रमांक बदललेत, पण जुने ट्रेकर अजून याच आकड्यांत बोलतात, म्हणून माहीत असावेत.

या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तपकिरी रेषा समान उंचीच्या. डोंगराळ शीटमध्ये लागोपाठच्या दोन रेषांत बहुधा २० मीटर उंचीचा फरक असतो, तरी तळाची टीप वाचून खात्री करा. आता एक हिशेब लक्षात ठेवा, तो मला फार उपयोगी पडला आहे. दोन रेषांत एक मिलिमीटर अंतर असेल तर पन्नास मीटर चालण्यात वीस मीटर चढ, म्हणजे साधारण २२ अंश. दम लागतो, पण जमतं. अंतर अर्धा मिलिमीटर झालं की उतार चाळीस अंशांच्या जवळ जातो. तिथे वाट सरळ वर दाखवलेली असली तरी एकट्याने पावसाळ्यात जाऊ नका. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तर तो कडा, विषय संपला.

ओढ्यांचा रंगही बघा. निळा असेल तर बारमाही पाणी, काळा असेल तर पावसापुरतं. मार्चमध्ये "वाटेत ओढा आहे की" म्हणून एक बाटली घेऊन निघालेली माणसं मी पाहिली आहेत. ओढा काळा होता. लाल तुटक आणि ठिपक्यांच्या रेषा म्हणजे पायवाटा. त्या सर्वेक्षण झालं तेव्हाच्या असतात, आजच्या असतीलच असं नाही.

दुसरा कागद आपल्याकडचे ट्रेकर सहसा बघत नाहीत, पण शेतकऱ्याला तो पाठ असतो: गाव नकाशा. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गटांच्या हद्दी दिसतात. भूमी अभिलेख कार्यालयातल्या मूळ गाव नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात. या वाटा वहिवाटीच्या असतात. त्यावरून चालताना कुणी हटकलं तरी बोलायला आधार असतो. अर्थात बांधावर उभं राहून शेतमालकाला नकाशा दाखवायची वेळ आली, तर तुम्ही आधीच काहीतरी चुकलेलं असतं. नमस्कार करून विचारणं सोपं.

मग आकाशातून

संगणकावर गुगल अर्थ उघडलं तर वर्षावर्षांची जुनी छायाचित्रं मागे-पुढे करून बघता येतात. पावसाळ्यानंतरचं चित्र सुंदर असतं आणि निरुपयोगी, सगळं हिरवं. मार्च-एप्रिलचं शोधा. गवत वाळलेलं असतं आणि तुडवलेली वाट पांढुरक्या रेघेसारखी उठून दिसते. सलग तीन-चार वर्षांच्या उन्हाळ्यात तीच रेघ दिसली तर वाट जिवंत आहे. एका वर्षी दिसून नंतर पुसट झाली असेल तर कुणीतरी चालायचं थांबलं आहे.

सड्यावर मात्र हा डोळा फसतो. आपली पठारं जांभ्या दगडाची. कातळावर वाट उमटतच नाही, ती पठाराच्या एका कडेला संपते आणि दुसऱ्या कडेला उगवते. तिथे पठारावरून खाली उतरणाऱ्या जागा आधीच हेरून ठेवा: सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत गेलेली धार, कुठे आहे, खिंड कुठे आहे. मधलं अंतर दिशेने काढायचं.

फोनमध्ये ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड यांपैकी एक ॲप घ्या आणि महाराष्ट्राचा नकाशा घरीच उतरवून ठेवा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशा उतरवायला लागतं. अनेकांना हे दरीत पोहोचल्यावर कळतं. स्ट्रावा या चालण्या-पळण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपचा उष्मानकाशा (जिथे जास्त नोंदी, ती वाट जास्त उजळ) आणि विकिलॉकवर इतरांनी टाकलेले मार्गही बघा, पण बेताने. उष्मानकाशावर पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे जाणारी वाट झळकते, कारण तिथे जुलैत हजारो पोरं चालतात. शेजारच्या डोंगरावर काळोख दिसतो म्हणून तिथे वाट नाही असं समजू नका. धनगर मनगटाला घड्याळ बांधून फिरत नाही.

विचारणं हीसुद्धा विद्या आहे

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

"मामा, ही वाट वर पठारावर जाते ना?" असं कधी विचारू नका. आपल्याकडच्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. "जाती की" असं उत्तर मिळतं, आणि ती जातेही, म्हशीसाठी. विचारायचं असं:

"आबा, ही वाट कुठं जाते?"

"ही व्हय? ही हितं खाली झऱ्यावर जाती नि संपती. म्हसरं जात्यात पाण्याला."

"आणि वर जायचं झालं तर तुम्ही कुठनं जाता?"

"आमी? आमी पलीकडच्या सोंडंनं. पर तुमास्नी जमंल का बघा."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ते ऐकलं की पुढचा प्रश्न: "शेवटचं कधी गेला होता?" दोन दिवसांपूर्वी म्हणाले तर निर्धास्त जा. "ल्हान हुतो तवा" म्हणाले तर चहा प्या, गप्पा मारा आणि दुसरी वाट धरा.

अंतराचा हिशेब वेगळा. "हे काय, धा मिंटं" म्हणजे तुमचा अर्धा तास. ते खोटं सांगत नाहीत, त्यांना खरंच दहा मिनिटं लागतात.

कुणाला विचारायचं? एसटीचे चालक-वाहक, विशेषतः गावात रात्री मुक्कामी राहणाऱ्या गाडीचे. देवळाचा गुरव. गुराखी. प्राथमिक शाळेतले गुरुजी, कारण कुठल्या वाडीतलं पोर कुठून येतं ते त्यांना ठाऊक असतं. वनरक्षक भेटला तर उत्तम. आणि बायका. सरपणाला, गवताला जाणाऱ्या मावशींना पुरुषांपेक्षा जवळच्या वाटा जास्त माहीत असतात, पण पारावरचे चार जण उत्तर देऊ लागले की त्या गप्प बसतात.

मळवाट की ढोरवाट

जमिनीवर पोहोचल्यावर हा भेद कळला नाही तर वरचं सगळं वाया. माणसांची मळवाट चढावर नागमोडी जाते, तिच्या आजूबाजूच्या फांद्या डोक्याच्या उंचीपर्यंत मोडलेल्या असतात, अवघड जागी दगड पायरीसारखे बसवलेले असतात. ढोरवाट उताराला आडवी, एकाखाली एक अशा पायऱ्यांसारखी चार-पाच पदरी असते, आणि कमरेच्या वर झाडी जशीच्या तशी. तुम्ही वाकून चालायला लागलात की समजा, वाट गुरांची आहे.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. मसाईच्या उतारावर एकदा छान रुंद वाट धरली, वीस मिनिटं खाली उतरलो आणि करवंदीच्या जाळीत अडकलो. शर्ट फाटला, वर यायला तास लागला. तेव्हापासून नियम: वाट दोनदा फुटून पुसट झाली की शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे फिरायचं. पुढे सापडेल या आशेवर उतरायचं नाही.

पहिली फेरी: मसाई पठार

पद्धत शिकायला याहून चांगली जागा नाही. मध्यवर्ती बसस्थानकावरून पन्हाळ्याची एसटी घ्या. गाडी न्यायचा मोह टाळा. गाडी ठेवली की त्याच जागी परत यावं लागतं आणि अर्ध्या वाटा बाद होतात. राजदिंडीच्या वाटेने पन्हाळगड उतरून तुरूकवाडी, म्हाळुंगे असं करत पठारावर चढायचं. वर मसाई देवीचं देऊळ आहे, आणि पठाराच्या कड्यात पांडवदऱ्याची लेणी. पहिल्यांदा देवळापर्यंत जाऊन परत या. परतीची वाट दुसऱ्या दिशेने पूर्ण वेगळी दिसते, म्हणून जाताना दर फाट्यावर मागे वळून एक फोटो काढा.

वेळेचा अंदाज बांधायला नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२चा नियम आजही चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. बारा किलोमीटर चाल आणि ३६० मीटर चढ असेल तर दोन तास चोवीस मिनिटं अधिक छत्तीस मिनिटं, म्हणजे तीन तास. त्यात बसणं, खाणं, फोटो नाहीत. पावसाळ्यात चिखलासाठी निम्मा वेळ आणखी धरा. सूर्यास्ताच्या दोन तास आधी डांबरी रस्ता गाठायचा असं ठरवून मागे हिशेब करत सुटायची वेळ काढा. मिसळ खाऊन नऊला निघू असं ठरलं की दहा वाजतात, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको.

जुलैत मसाईवर धुकं उतरलं की दहा पावलांपुढचं दिसत नाही. एकदा आम्ही तिघं सरळ चालतोय अशा खात्रीने तासभर चाललो आणि त्याच डबक्याशी परत आलो. जुनी माणसं याला चकवा लागला म्हणतात. उपाय साधा आहे: धुकं येण्याआधीच होकायंत्राने दिशा घेऊन ठेवायची आणि दर पाच मिनिटांनी ती तपासायची. फोनच्या होकायंत्रावर विसंबू नका, ओल्या हातांनी पडदा चालत नाही. शंभर-दोनशे रुपयांचं साधं होकायंत्र खिशात असू द्या.

मसाईच्या तीन-चार फेऱ्या झाल्या की पुढची पायरी म्हणजे तीच वाट पुढे चालवणं: कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, मग म्हसवडे, पांढरपाणी आणि पावनखिंड. पन्नासेक किलोमीटर, दोन दिवस, मुक्काम मधल्या वाडीत. १३ जुलै १६६०च्या लढाईची आठवण म्हणून अनेक संस्था ही मोहीम दर जुलैत काढतात. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर जा, नंतर हिवाळ्यात स्वतः. गर्दीत वाट कळत नाही, पुढच्याची पाठ तेवढी दिसते.

भाच्याला हे सांगत होतो तेव्हा तो म्हणाला, नॉर्वेतही असंच एक आहे. १२०६ साली यादवीच्या काळात बिर्केबाइनर पक्षाच्या योद्ध्यांनी तान्ह्या राजपुत्राला, हाकोनला, बर्फातून स्कीवर डोंगरापार नेऊन वाचवलं. त्या आठवणीत १९३२पासून रेना ते लिलेहामर अशी ५४ किलोमीटरची स्कीशर्यत होते आणि प्रत्येक स्पर्धक पाठीवर साडेतीन किलोचं ओझं घेतो, त्या बाळाचं वजन म्हणून. राजाला वाचवायला धावलेली वाट पुढे लोकांची व्हावी, हे तिकडेही घडलं आहे म्हणायचं.

लांब जायचं नसेल तेव्हा

दर रविवारी डोंगर होत नाही. सकाळी दीड तास असेल तर सादळे-मादळेचा डोंगर, जोतिबा आणि पोहाळ्याची लेणी, कळंब्याच्या पुढचा कात्यायनीचा परिसर, आळत्याचं रामलिंग हे सगळं शहरापासून जवळ आहे. पळणाऱ्यांनी आणि सायकलवाल्यांनी पाणंदी शोधाव्यात. उपग्रहचित्रात दोन्ही बाजूंना झाडोरा असलेली, उसातून जाणारी अरुंद पट्टी दिसली की ती बहुधा पाणंद. ऊस उंच असताना आत बोगद्यात शिरल्यासारखं वाटतं. पावसाळ्यात विसरा, काळ्या मातीत सायकल खांद्यावर घ्यावी लागते. गळिताच्या हंगामात पहाटे ट्रॉल्या सुरू होतात, त्यांच्या मागे दिवे असतीलच असं नाही, म्हणून अंगात चमकणारं जाकीट घाला.

जंगल, परवानगी आणि गवा

राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे, आणि तिथे आडवाटा शोधायच्या नसतात. वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. दाजीपूरला वनविभागाच्या नाक्यावर शुल्क भरून, त्यांनी सांगितलेल्या रस्त्यानेच फिरा. पावसाळ्यात ते पर्यटकांना बंद असतं. रांगणा, गगनबावडा, आंबा या बाजूंना जातानाही कुठला पट्टा राखीव आहे हे आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. विशाळगडावर काही काळ प्रशासनाचे निर्बंध असतात, तेही निघण्याआधी बघावं. देवराईत चपला काढतात की नाही हे गावागावावर आहे. पुढच्याच्या पायांकडे बघा.

गवा हा आपल्या डोंगरातला सगळ्यात मोठा धोका, कारण तो गरीब वाटतो. उसाच्या ओढीने तो पंचगंगेच्या काठापर्यंतही येऊन गेलेला आहे. कळप दिसला तर थांबा, आवाज न करता मागे सरका, त्याची जायची वाट मोकळी ठेवा. एकटा नर असेल तर आणखी लांब राहा. फोटोसाठी पुढे जाऊ नका आणि दगड तर मुळीच मारू नका. कड्याखाली आग्या मोहोळ असेल तर अत्तर, धूर, आरडाओरडा तिन्ही टाळा. पावसात आंब्याच्या बाजूला जळवा लागतात. मीठ किंवा तंबाखूचं पाणी मोज्यांना लावतात. घोणस आणि फुरसं दोन्ही इथे आहेत. चावलं तर बांधू नका, कापू नका, तो भाग हलवू न देता थेट दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८, आणीबाणीत ११२, वनविभागासाठी १९२६. हे आकडे कागदावर लिहून ठेवा, बॅटरी संपल्यावर फोनमधले नंबर कामाचे नाहीत. आणि घरी एका माणसाला सांगून जा: कुठून चढणार, कुठे उतरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा.

ज्यांना बर्फच हवा आहे

सह्याद्रीत बर्फ नाही, त्यामुळे कोल्हापुरात स्कीवाट शोधणं म्हणजे रंकाळ्यात देवमासा शोधणं. गुलमर्ग आणि औली ही त्यासाठीची ठिकाणं, दोन्ही अडीच हजार मीटरच्या वर, हंगाम साधारण जानेवारी ते मार्च. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग शिकवणारी संस्था आहे आणि २०२०पासून तिथे होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत लांब पल्ल्याचं स्कीइंगही असतं. अभ्यासक्रमाला नाव घालताना स्पष्ट विचारा: उताराचं शिकवणार की लांब पल्ल्याचं? बूट, पट्ट्या, बांधणी, सगळंच वेगळं असतं आणि बहुतेक ठिकाणी उताराचंच शिकवतात.

तयारी मात्र इथे करता येते. दोन काठ्या घेऊन मसाईचा चढ चढलात की खांदे आणि पाठ दोन्हींना काम मिळतं, स्कीवर नेमकं तेच लागतं. चाकांच्या स्कीही मिळतात, पण त्यांना ब्रेक जेमतेम. त्या घेऊन पन्हाळ्याचा घाट उतरायचा विचार असेल तर आधी घरच्यांना विचारा.

वाट सापडली, आता?

चाललेला मार्ग फोनमध्ये नोंदवून ठेवा आणि त्याच संध्याकाळी वहीत चार ओळी लिहा: तारीख, पाणी कुठे मिळालं, फाटा कुठे चुकला, वाट कोण वापरतं. शेवटची नोंद सगळ्यात जास्त दिवस टिकते. पुढच्या वर्षी जाण्याआधी फक्त त्या माणसाला फोन करायचा, "दूध अजून त्याच वाटेनं येतंय का?"

ओपनस्ट्रीटमॅपवर वाट कुणालाही भरता येते. टेकाडाचं, ओढ्याचं नाव गावकरी म्हणतात तसंच मराठीत भरा. सगळ्यांना मार्ग देताना मात्र सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा कापा, जर तो कुणाच्या परड्यातून जात असेल. मी एकदा कापला नव्हता. दोन महिन्यांनी त्या वाडीत गेलो तेव्हा आजी म्हणाल्या, "आदी तू एकटा यायचास, आता ऐतवारी निस्ती जत्रा. कोंबड्या सोडाय यीना झाल्यात." घरी येऊन तो मार्ग काढून टाकला आणि गोठ्यामागून जाणारी वाट शोधून ती टाकली.